इक्बाल वाचायचाय, उर्दू लिपी येत नाही, आणि वर 'तो तर पाकिस्तानवाला' असं लोक ऐकवतात

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही लिहिलंय की शाळेत 'सारे जहाँ से अच्छा' म्हणत मोठे झालात, आता कोणीतरी सांगितलं की हा माणूस पाकिस्तानचा राष्ट्रकवी आहे, मग हे दोन वेगळे इक्बाल आहेत का, एकच असेल तर मधे असं झालं काय, आणि लिपी येत नसताना देवनागरीतून वाचायचा तर कुठून सुरुवात करायची. दिसायला तीन प्रश्न आहेत, पण मला वाटतं तुम्ही अडलाय ते एकाच जागी: ह्या माणसाला वाचताना आपण त्याच्या बाजूने बसायचं की समोरच्या. मी पुण्यात बरीच वर्षं मराठी मंडळींना उर्दू शायरी वाचायला शिकवतो, गालिब आला की सगळे खूष असतात, फैज आला की अर्धे तरी खूष असतात, आणि इक्बाल आला की दहा मिनिटांत वर्गात दोन तट पडतात आणि कविता राहते बाजूला.

आधी सोपं उत्तर. माणूस एकच आहे. मुहम्मद इक्बाल, जन्म ९ नोव्हेंबर १८७७, सियालकोट, पंजाब. घराणं मूळचं काश्मिरी ब्राह्मण, पूर्वजांनी कधीतरी धर्म बदललेला, आणि हे त्याने स्वतः कवितेतही सांगितलंय, लपवलेलं नाही. वडील फारसे शिकलेले नव्हते, टोप्या शिवायचा धंदा, पण सूफी वृत्तीचे. सियालकोटला सय्यद मीर हसन नावाचे गुरुजी भेटले आणि अरबी-फारसी पक्की झाली. पुढे इंग्रज सरकारने इक्बालला 'सर' करायचं ठरवलं तेव्हा त्याने अट घातली की आधी माझ्या गुरुजींना किताब द्या, आणि त्यांनी कोणतं पुस्तक लिहिलंय असं विचारल्यावर 'मीच त्यांचं पुस्तक' असं सांगितलं असा किस्सा आहे. गुरुजींना शम्स-उल-उलमा किताब मिळाला हे नक्की. मग लाहोर, तत्त्वज्ञानात एम.ए., कॉलेजात शिकवणं, १९०५ ला केंब्रिज, म्युनिकची पीएच.डी. (विषय इराणातल्या तत्त्वचिंतनाचा विकास), लंडनमधे बॅरिस्टरी, १९०८ ला परत लाहोर. पोट भरलं वकिलीवर, कवितेवर नाही. २१ एप्रिल १९३८ ला लाहोरमधेच गेला, म्हणजे पाकिस्तान व्हायच्या नऊ वर्षं आधी, आणि बादशाही मशिदीच्या बाहेर त्याची कबर आहे.

आता कुठून सुरुवात करायची हे खरंच तुमच्यावर अवलंबून आहे. हिंदी गाणी, कव्वाली ऐकून कान तयार असेल तर थेट गझला घ्या. अजिबात सवय नसेल तर त्याच्या लहान मुलांच्या कविता घ्या, 'परिंदे की फ़रियाद', 'एक पहाड़ और गिलहरी', 'बच्चे की दुआ' म्हणजे तेच 'लब पे आती है दुआ', जी उर्दू शाळांमधे प्रार्थना म्हणून म्हटली जाते. ह्यातल्या काही त्याने पाश्चात्त्य कवींवरून घेतल्यात, पहाड आणि खारीची एमर्सनवरून, आणि तसं तिथेच लिहिलंय. भाषा इतकी सरळ की एखादा शब्द सोडला तर अडत नाही. तत्त्वज्ञानासाठी वाचायचं असेल तर वाट वेगळी, ती खाली सांगतो. आणि फाळणी समजून घ्यायला वाचणार असाल तर कविता वाचूच नका, १९३० चं मुस्लिम लीगच्या अधिवेशनातलं अलाहाबादचं भाषण वाचा, ते गद्य आहे, त्याचा अर्थ गद्यातच लागतो. शेरांतून राजकारण काढायला गेलं की माणूस हवं ते काढतो, ह्या बाजूचाही आणि त्या बाजूचाही.

मधे काय झालं ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पहिल्या उर्दू संग्रहातच आहे आणि लोक ते बघत नाहीत ह्याचं मला कायम आश्चर्य वाटतं. 'बांग-ए-दरा' हा संग्रह १९२४ ला आला, तोपर्यंत इक्बाल पार प्रसिद्ध होता, फारसीत तीन पुस्तकं झाली होती, आदल्या वर्षी 'सर' झाला होता. त्याने ह्या संग्रहाचे तीन भाग केलेत: १९०५ पर्यंत, १९०५ ते १९०८, आणि १९०८ नंतर. म्हणजे सांधा कुठे आहे ते कवीनेच दाखवून ठेवलंय. पहिल्या भागात हिमालयावरची कविता, 'तराना-ए-हिंदी' (हेच ते 'सारे जहाँ', १९०४ चं), आणि 'नया शिवाला'. तिसऱ्या भागात 'तराना-ए-मिल्ली' आणि 'वतनियत' (म्हणजे राष्ट्रवाद). विचार इतका पालटल्यावर एखाद्याने जुन्या कविता गपचूप गाळल्या असत्या, त्याने काही जुन्या कविता गाळल्या सुद्धा, पण ह्या ठेवल्या, एकाच पुठ्ठ्यात.

म्हणून मी वर्गात जोड्या लावून वाचायला देतो. पहिली जोडी 'नया शिवाला' आणि 'वतनियत'. 'नया शिवाला'त तो ब्राह्मणाला म्हणतो की राग मानू नकोस पण तुझ्या देवळातल्या मूर्ती जुन्या झाल्यात, आपल्याच माणसांशी वैर धरायला तू मूर्तींकडून शिकलास, आणि लगेच दुसऱ्या ओळीत आमच्या मौलवीलाही देवाने मारामारीच शिकवली, म्हणजे दोघांनाही एकाच वेळी झोडपलंय. मग ही ओळ येते:

पत्थर की मूरतों में समझा है तू ख़ुदा है
ख़ाक-ए-वतन का मुझको हर ज़र्रा देवता है

आता 'वतनियत' मधला शेर घ्या:

इन ताज़ा ख़ुदाओं में बड़ा सबसे वतन है
जो पैरहन इसका है वो मज़हब का कफ़न है

बघा, प्रतिमा तीच आहे. आधी देशाच्या मातीचा कण न् कण देव होता, आता देश हाच नव्या देवांमधला सगळ्यात मोठा, आणि त्याचा अंगरखा म्हणजे धर्माचं कफन. मूर्ती फोडायची खोड तीच, फक्त आता फोडायला घेतलेली मूर्ती त्याने स्वतःच घडवलेली होती. दुसरी जोडी दोन तराण्यांची, 'सारे जहाँ से अच्छा हिन्दोस्ताँ हमारा' आणि 'मुस्लिम हैं हम वतन है सारा जहाँ हमारा'. वृत्त तेच, शेवटी 'हमारा' तेच, एकाच चालीत दोन्ही म्हणता येतात, मी म्हणायलाच लावतो. पहिलं आवडतं ते मंडळी दुसरं म्हणताना गप्प होतात, आणि ते बरोबर आहे, गप्प व्हावं असंच ते आहे.

कारण काय तर युरोप. हे 'तिकडे जाऊन बिघडला' असं सांगायची आपल्याकडे पद्धत आहे पण तसं ते नाही. तो १९०५ ला गेला तेव्हा युरोपातले देश एकमेकांच्या नरड्यावर टपलेले होते आणि ते सगळं देशभक्तीच्या नावाखाली चाललं होतं. १९०७ च्या मार्चमधली त्याची एक गझल आहे, शीर्षकच 'मार्च १९०७', त्यात पश्चिमेच्या लोकांना सांगतो की देवाची वस्ती म्हणजे दुकान नव्हे, तुमची संस्कृती स्वतःच्याच खंजिराने आत्महत्या करेल. पहिलं महायुद्ध सात वर्षांनी सुरू झालं. तर राष्ट्र ह्या कल्पनेचं पुढे काय होतं हे बघून तो दचकला, आणि माझ्या मते ते दचकणं खरं होतं, टागोरही त्याच काळात राष्ट्रवादाबद्दल जवळजवळ असंच बोलत होते. फरक पुढे पडतो. टागोर तिथून सगळ्या माणसांकडे गेले, इक्बाल मुसलमानांच्या जगाकडे गेला. एका भिंतीतून बाहेर पडून दुसऱ्या, जरा मोठ्या कुंपणात. हे माझं मत आहे, इक्बालचे चाहते मान्य करणार नाहीत, ते म्हणतील की त्याची उम्मत, म्हणजे जगभरचा मुसलमान समाज, हा सगळ्या माणसांसाठीचा नमुना होता. असेल. मला कवितेत ते काही जागी दिसतं, काही जागी दिसत नाही.

त्या परतीच्या काळात घरचंही बरं नव्हतं. पहिलं लग्न लहान वयात झालेलं आणि पूर्ण फसलेलं. लंडनमधे त्याची ओळख अतिया फैजीशी झाली होती, मुंबईच्या फैजी घराण्यातली, जिची बहीण आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम. १९०९ मधे लाहोरहून तिला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की एकतर हा देश कायमचा सोडावा नाहीतर दारूचा आसरा घ्यावा. ही पत्रं अतियाने १९४७ मधे पुस्तकात छापली. पोस्टरवरचा 'अल्लामा' (महापंडित) इक्बाल डोक्यात घट्ट बसला असेल तर ही पत्रं जरूर वाचा, माणूस दिसतो.

आता खुदी, म्हणजे माणसाचा 'मी'. तत्त्वज्ञ इक्बाल कळायचा तर हे एक कळलं तरी पुरे. १९१५ मधे त्याचं 'असरार-ए-ख़ुदी' हे फारसी काव्य आलं, पाच वर्षांनी केंब्रिजच्या निकल्सनने इंग्रजीत केलं आणि मग बाहेर नाव झालं. म्हणणं असं: सूफी परंपरेतल्या एका मोठ्या धारेने शिकवलं की 'मी' विरघळवून टाका, थेंब समुद्रात मिसळला की मुक्ती. इक्बाल म्हणतो, नको. थेंबाने मोती व्हावं. 'मी' घट्ट कर, कामाने, प्रेमाने, झुंजण्याने, कोणापुढे हात न पसरण्याने. 'इश्क' खुदीला वाढवतं आणि मागणं तिला खातं, असं त्याने स्वतंत्र प्रकरणं करून सांगितलंय. देव हाही त्याच्या लेखी एक 'मी'च आहे, सगळ्यात मोठा, आणि माणसाने त्याच्यात बुडायचं नाही, त्याच्यासमोर उभं राहायचं. मुसलमान समाज मागे का पडला ह्याचं त्याचं निदान हेच, की निष्क्रियतेला अध्यात्म म्हणायची सवय लागली. पहिल्या आवृत्तीत त्याने थेट हाफिजवर हल्ला केला, हाफिज म्हणजे फारसीतलं दैवत, लोक इतके खवळले की दुसऱ्या आवृत्तीत त्या ओळी काढाव्या लागल्या.

आणि इथे मराठी माणसासाठी एक दार आहे जे मी प्रत्येक वर्गात उघडतो. त्याच पहिल्या आवृत्तीला इक्बालने उर्दूत प्रस्तावना लिहिली होती, त्यात तो चक्क श्रीकृष्णाचं कौतुक करतो, की कर्म सोडणं म्हणजे त्याग नव्हे, कर्म करत राहून फळात न अडकणं म्हणजे त्याग, हे कृष्णाने सांगितलं, आणि शंकराचार्यांच्या तर्काने लोकांना त्यापासून परत लांब नेलं. आता साल बघा. १९१५. त्याच साली पुण्यात टिळकांचं 'गीतारहस्य' छापून आलं, मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, आणि त्याचा सगळा जोर ह्याच मुद्द्यावर, की गीता संन्यास सांगत नाही, कर्मयोग सांगते, शंकराचार्यांचा अर्थ मान्य नाही. एकाने दुसऱ्याचं वाचून लिहिलं असं मी म्हणत नाही. पण दोघांचं दुखणं एक होतं, गुलाम झालेला समाज वैराग्याच्या गोष्टी करत बसलाय, आणि दोघांनी औषध आपापल्या धर्मग्रंथातून शोधलं, आणि दोघांच्या औषधाचा राजकारणावर जो परिणाम झाला त्यावर अजून भांडणं चालू आहेत. 'गीतारहस्या'तला संन्यास-कर्मयोगाचा वाद ज्याने घरात ऐकलाय त्याला खुदी समजवायला मला फार वेळ लागत नाही. उलट वारकरी घरातली माणसं अडखळतात, त्यांना 'मी' घट्ट कर हे कानाला खुपतं, आणि ते खुपणं योग्य आहे, ते खुपलं तरच इक्बाल काय मोडू बघतोय ते कळतं.

आता खुदीचा तो सगळ्यात प्रसिद्ध शेर घेऊ, कारण तो तुम्ही ऑटोच्या मागे, जिमच्या भिंतीवर, स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या बोर्डावर पाहिलेला असणार:

ख़ुदी को कर बुलंद इतना कि हर तक़दीर से पहले
ख़ुदा बंदे से ख़ुद पूछे बता तेरी रज़ा क्या है

लोक पोह्यातले शेंगदाणे वेचावेत तसा हा शेर वेचून खातात. पण हा 'बाल-ए-जिब्रील' (१९३५) मधल्या एका गझलेचा दुसरा शेर आहे, अख्खी गझल समोर ठेवा. मतला, म्हणजे पहिला शेर, म्हणतो, शहाण्यांना काय विचारू की माझी सुरुवात काय, मला घोर लागलाय माझा शेवट काय ह्याचा. म्हणजे सुरुवातच अस्वस्थपणाने आहे. मग तो दणदणीत शेर. मग पुढे पाचव्या शेरात अचानक येतो 'मजज़ूब-ए-फ़रंगी', म्हणजे युरोपातला तो वेडा अवलिया, आणि हा आहे नीत्शे:

अगर होता वो मजज़ूब-ए-फ़रंगी इस ज़माने में
तो इक़बाल उसको समझाता मक़ाम-ए-किब्रिया क्या है

लोक इक्बालला सारखं विचारायचे की तुझा मर्द-ए-मोमिन (आदर्श श्रद्धावान माणूस) म्हणजे नीत्शेचा अतिमानव ना. हे त्याचं उत्तर, की तो आत्ता असता तर मी त्याला समजावलं असतं देवाचं मोठेपण कशात आहे ते. फारसीत त्याने नीत्शेला काळीज आस्तिक आणि डोकं नास्तिक असं म्हटलंय. तर देवाने तुला विचारावं इतका मोठा हो असं सांगणारा कवी तीन शेर पुढे बजावतो की देवाला वगळून मोठा होऊ नकोस. आणि मग शेवटचा शेर:

नवा-ए-सुबहगाही ने जिगर ख़ूँ कर दिया मेरा
ख़ुदाया जिस ख़ता की ये सज़ा है वो ख़ता क्या है

पहाटेच्या ह्या गाण्याने माझं काळीज रक्तबंबाळ केलं, देवा, ही ज्या गुन्ह्याची शिक्षा आहे तो गुन्हा तरी सांग. दुसऱ्या शेरात देव माणसाला विचारत होता, शेवटी माणूस देवाला विचारतोय आणि उत्तर येत नाही. जिमच्या भिंतीवर हा शेर कोणी लावत नाही. पण मला विचाराल तर इक्बालचा इक्बाल इथे आहे, जिथे त्याचं तत्त्वज्ञान त्यालाच पुरत नाही. म्हणून सांगतो, ह्याचा सुटा शेर वाचू नका.

त्याच 'बाल-ए-जिब्रील'चं पान उलटलं की सुरुवातीलाच एक शेर भेटतो, फुलाच्या पाकळीने हिऱ्याचं काळीज कापता येईल पण मूर्ख माणसावर मऊ बोलण्याचा परिणाम होत नाही:

फूल की पत्ती से कट सकता है हीरे का जिगर
मर्द-ए-नादाँ पर कलाम-ए-नर्म-ओ-नाज़ुक बेअसर

आणि खाली नाव आहे भर्तृहरी. होय, नीतिशतकवाला. मूळ श्लोक 'व्यालं बालमृणालतन्तुभिः' ने सुरू होतो, त्यात गोड बोलून दुष्टांना सुधारायला निघालेला माणूस म्हणजे शिरीषाच्या फुलाच्या टोकाने हिरा कापायला निघालेला असं आहे. भर्तृहरी म्हणतो दोन्ही सारखीच अशक्य. इक्बाल एक पायरी पुढे जातो, हिरा एक वेळ कापला जाईल, हे होणार नाही. आणि ही पुढची पायरी आपल्याला पाठ आहे, वामन पंडितांनी मराठीत आणलेलं भर्तृहरीचंच 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे', त्याचा शेवट 'परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी'. १९३५ मधे, म्हणजे अलाहाबादच्या भाषणानंतर पाच वर्षांनी, मुस्लिम राजकारणात पूर्ण उतरलेला इक्बाल आपल्या सगळ्यात चांगल्या उर्दू पुस्तकाच्या दारात एका संस्कृत कवीला उभा करतो. 'जावेदनामा' (१९३२) मधे तर फारसी सूफी कवी रूमीला वाटाड्या घेऊन तो आकाशातून फिरतो, चंद्रावर त्याला विश्वामित्र भेटतात आणि पुढे स्वर्गात भर्तृहरी, आणि भर्तृहरीच्या तोंडी घातलंय काय तर कर्माचा सिद्धांत, स्वर्ग-नरक सगळं तुमच्या करण्यातूनच उगवतं. रामावर कविता आहे ('इमाम-ए-हिंद' म्हटलंय), गुरु नानकांवर आहे, गायत्री मंत्राचा अनुवाद आहे. रामाची आणि नानकांची १९०८ नंतरच्या भागातच सापडतील. तेव्हा 'आधी आपला, मग त्यांचा' ही विभागणी इतकी स्वच्छ बसत नाही.

पण म्हणून राजकारणाकडे डोळेझाक करायची का, तर अजिबात नाही. २९ डिसेंबर १९३० ला अलाहाबादला मुस्लिम लीगच्या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून तो म्हणाला की पंजाब, वायव्य सरहद्द प्रांत, सिंध आणि बलुचिस्तान मिळून एक राज्य झालेलं मला बघायला आवडेल, ब्रिटिश साम्राज्याच्या आत किंवा बाहेर. बंगालचा त्यात उल्लेख नाही. 'पाकिस्तान' हे नाव त्याचं नाही, ते चौधरी रहमत अलीने १९३३ मधे काढलं. १९३४ मधे एडवर्ड थॉम्पसन ह्या इंग्रज लेखकाला लिहिलेल्या पत्रात इक्बालने पाकिस्तान ही माझी योजना नाही असं साफ लिहिलंय, मला हवाय तो भारतीय संघराज्यातला मुस्लिम बहुसंख्येचा प्रांत. भारतातले त्याचे चाहते इथे थांबतात. थांबू नका. १९३७ मधे जिनांना लिहिलेल्या पत्रांत तो मुस्लिम प्रांतांच्या वेगळ्या संघराज्याबद्दल बोलतो आणि तिथे सूर बराच पुढे गेलेला आहे, मुसलमानांच्या रोटीचा प्रश्नही त्याच पत्रव्यवहारात आहे. मुस्लिम लीगचा वेगळ्या राज्याच्या मागणीचा लाहोरचा ठराव झाला १९४० ला, तोपर्यंत तो गेलेला. तर माझा हिशेब असा: फाळणीचा आराखडा त्याचा नाही, पण ज्या वाटेने ती आली त्या वाटेवर त्याने स्वतः पाऊल टाकलं होतं, आणि ते विचार करून टाकलं होतं. ह्यातून त्याला सोडवू नका, आणि ह्यातच कोंडूही नका.

त्याला कोंडता येत नाही ह्याचं एक कारण म्हणजे तो सगळ्यांनाच नाराज करून गेला. 'शिकवा' मधे देवालाच जाब विचारला, इतकं तुझ्यासाठी केलं आणि तू आम्हालाच विसरलास, म्हणून मौलवी भडकले, मग 'जवाब-ए-शिकवा'त देवाकडून मुसलमानांची हजेरी घेतली. जालियनवालानंतर चार वर्षांत 'सर' झाला म्हणून लाहोरच्या एका पत्रकार-कवीने टोमणा मारला की अल्लामाचे सर झाले. मद्रास, हैद्राबाद, अलिगढला दिलेली इंग्रजी व्याख्यानं १९३० मधे छापली, त्यात म्हणतो की शरियतचा अर्थ प्रत्येक पिढीने नव्याने लावायला हवा आणि तो अधिकार निवडून आलेल्या विधिमंडळाला देता येईल, हे कर्मठांना अजून पचलेलं नाही. 'लेनिन ख़ुदा के हुज़ूर में' मधे लेनिनला देवासमोर उभं करून त्याच्याकडून बँकांबद्दल आणि मजुरांबद्दल बोलवून घेतलंय, आणि थोडं पुढच्या एका कवितेत देव फरिश्त्यांना हुकूम देतो की ज्या शेतातून शेतकऱ्यालाच पोटाला मिळत नाही त्या शेतातली गव्हाची ओंबी न् ओंबी जाळून टाका. डावे हीच ओळ घेऊन नाचतात आणि बाकीचा इक्बाल झाकून ठेवतात. आणि आपले गांधीजी, ज्यांच्या राजकारणाशी इक्बालचं जमलं नाही, त्यांनी तो गेल्यावर लिहिलं की येरवड्याच्या तुरुंगात 'हिन्दोस्ताँ हमारा' मी शेकडो वेळा म्हटलं असेल.

बरं, आता प्रत्यक्ष वाचायचं कसं. लिपी येत नाही ह्याची लाज बाळगू नका, देवनागरीत रेख्ताच्या साईटवर भरपूर आहे आणि शब्दावर टिचकी मारली की अर्थ येतो. फक्त नुक्ते (अक्षराखालचे ठिपके) बघत वाचा, आणि मधे '-ए-' दिसला की मागचा-पुढचा शब्द जोडून उलटा लावा, ख़ाक-ए-वतन म्हणजे देशाची माती, इतकं जमलं की निम्मं काम झालं. मोठ्याने वाचा. इक्बाल मनातल्या मनात वाचायचा कवी नाही, तो लाहोरमधे हजारोंच्या सभेत कविता म्हणायचा, शेवटच्या चारेक वर्षांत घशाच्या आजाराने आवाज गेला आणि त्याबरोबर वकिलीही गेली, भोपाळच्या नवाबाच्या महिना पाचशे रुपयांवर घर चाललं. त्याची निम्म्याहून जास्त कविता फारसीत आहे, तिथे अनुवादाशिवाय इलाज नाही, मन लावायचं असेल तर 'जावेदनामा'चा अनुवाद घ्या, 'असरार' नंतर.

क्रम मी असा देतो: आधी मुलांच्या दोनचार कविता, मग वर सांगितलेल्या दोन जोड्या, मग 'शिकवा' आणि 'जवाब' एका बैठकीत, मग 'बाल-ए-जिब्रील'च्या गझला, रोज एकच. 'मस्जिद-ए-क़ुर्तुबा' शेवटी ठेवा. ती १९३३ मधे स्पेनमधली ती जुनी मशीद पाहून झालेली कविता, आठ आठ शेरांचे आठ बंद (कडवी), आणि पहिल्या बंदातच 'सिलसिला-ए-रोज़-ओ-शब' म्हणत काळावर इतक्या जोडशब्दांची रास आहे की क्रियापद शोधत बसावं लागतं. घाईने वाचली तर नुसता घोष वाटतो. गझला अंगवळणी पडल्यावर वाचाल तर उर्दूत त्याच्या तोडीचं फार थोडं आहे हे तुम्हीच म्हणाल.

एक सावधगिरीचं. फॉरवर्डमधे इक्बालच्या नावावर फिरणारं बरंच त्याचं नसतं. 'तुंदी-ए-बाद-ए-मुख़ालिफ़ से न घबरा ऐ उक़ाब' हा गरुडाचा शेर सगळे त्याच्या नावावर खपवतात, तो सय्यद सादिक हुसैन ह्यांचा आहे. शेरात पक्षी उडाला की इक्बाल, असं लोकांनी ठरवून टाकलंय. शेर आवडला की कुठल्या संग्रहात आहे ते बघा, 'बांग-ए-दरा', 'बाल-ए-जिब्रील', 'ज़र्ब-ए-कलीम', 'अरमुग़ान-ए-हिजाज़', उर्दूसाठी ह्या चारात नसेल तर संशय घ्या (शेवटच्यात उर्दू भाग थोडाच आहे, आणि तो संग्रह इक्बाल गेल्यावर आला).

तुमची बाजू कुठली हे आत्ता ठरवू नका. आधी 'नया शिवाला' आणि 'वतनियत' लागोपाठ मोठ्याने वाचा, आणि जी ओळ अडेल किंवा जिचा राग येईल ती इथेच खाली टाका, त्यावर बोलू.